पेन्सिलीची ती ओळ पुसू नका

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

माझे पती १९८४ ते १९८९ या काळात नोकरीनिमित्त अमेरिकेत, इंडियानापोलिस शहरात होते आणि मीही त्यांच्याबरोबर होते. आपण राहतो त्या शहराच्या नावाची एक युद्धनौका बुडाली होती आणि तिच्या खलाशांना समुद्रावर विमान उतरवून वाचवणारा वैमानिक आपल्याच राज्यात वकिली करतो, हे त्यांच्या वाचनात आले. १९८६ साली त्यांनी त्या एड्रियन मार्क्स यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तर आले. एक पान टंकलिखित आहे, खाली निळ्या शाईत सही आहे आणि सहीखाली हाताने लिहिलेली एक ओळ आहे. यांनी स्वतःच्या पत्राची कार्बन प्रत, उत्तराचे पत्र आणि पाकीट जपून ठेवले आणि पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहिले : ‘१४ ऑक्टोबर १९८६ रोजी मिळाले. उत्तर आले!’

यांना जाऊन दोन वर्षे झाली. मुलाने परदेशातील एका विक्रेत्याला छायाचित्र पाठवले. तो म्हणतो की पत्र युद्धकाळातले नाही, शिवाय टंकलिखित आहे, म्हणून साधारण आहे. पाकीट नको, आणि कोणत्याही कागदावर भारतीय लिपीतले पेन्सिलीचे लिखाण असेल तर ते खोडून टाका. माझे दीर म्हणतात की लॅमिनेशन करून दिवाणखान्यात लावू. पत्र खरे आहे का, त्याचे मोल काय आणि मी काय करावे?

अ. दे., पुणे

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांच्या उत्तरांआधी एक विनंती करतो. हे उत्तर वाचून होईपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने, पत्र लॅमिनेशनला देऊ नका, पाकिटावरचे काहीही खोडू नका आणि तिन्ही कागद एकमेकांपासून वेगळे करू नका. विकण्याचा किंवा देण्याचा निर्णय उद्या बदलता येतो, पण या तीन गोष्टींपैकी कोणतीही एक झाली की ती परत फिरवता येत नाही.

आता त्या माणसाविषयी लिहितो, कारण पत्राचे मोल त्याने केलेल्या कामात आहे. अमेरिकेची ‘इंडियानापोलिस’ ही क्रूझर नौका हिरोशिमावर टाकायच्या अणुबॉम्बचे भाग २६ जुलै १९४५ रोजी टिनियन बेटावर पोहोचवून पुढे निघाली होती. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी ती फुटली आणि सुमारे बारा मिनिटांत बुडाली. नौकेवर ११९५ माणसे होती. त्यांतली सुमारे ३०० नौकेबरोबरच गेली, उरलेली पाण्यात पडली आणि नौका ठरल्या वेळी बंदरात आली नाही याची नौदलात कोणी दखलच घेतली नाही. तहान, ऊन, खारे पाणी आणि शार्क मासे यांच्या तावडीत ती माणसे साडेतीन दिवस होती. २ ऑगस्टला गस्तीवरच्या एका विमानाला ती योगायोगाने दिसली आणि मदतीचा संदेश गेला. त्यावर पेलेलू बेटाहून कॅटालिना जातीचे जे विमान निघाले, त्याचे चालक लेफ्टनंट एड्रियन मार्क्स होते.

कॅटालिना पाण्यावर उतरू शकणारे विमान असले तरी खुल्या महासागराच्या लाटांवर ते उतरवू नये असा नौदलाचा स्थायी हुकूम होता, कारण अशा उतरण्यात विमानाची चिरफाड होत असे. मार्क्स यांनी वरून तराफे टाकले. मग त्यांना दिसले की एकेकटे तरंगणारे खलाशी तराफ्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत आणि शार्क मासे त्यांच्यावरच तुटून पडत आहेत. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले, सर्वांनी होकार दिला आणि बारा-बारा फुटी लाटांवर विमान उतरले. सांध्यांतून पाणी येऊ लागले, तरीही ते नावेसारखे हाकत त्यांनी आधी एकट्या पडलेल्यांना उचलले. आत जागा उरली नाही तेव्हा माणसांना पंखांवर झोपवून हवाई छत्रीच्या दोऱ्यांनी बांधले. अशी ५६ माणसे त्या एका विमानावर रात्रभर राहिली. वाचलेल्यांचा एकूण आकडा ३१६ आहे, म्हणजे दर सहा जणांत किमान एक जण मार्क्स यांच्या विमानामुळे जगला. मध्यरात्रीच्या सुमारास ‘सेसिल डॉयल’ ही विनाशिका आली. तिच्या कप्तानाने शत्रूच्या पाणबुडीची पर्वा न करता अंधारात प्रकाशझोत लावला होता, तो दूरवर तरंगणाऱ्यांना धीर यावा म्हणून. खलाशांना तिच्यावर घेतल्यानंतर, पुन्हा उडण्याच्या स्थितीत नसलेले ते विमान तोफा डागून बुडवण्यात आले. मार्क्स युद्धानंतर इंडियाना राज्यातील फ्रँकफर्ट या गावी वकिली करत राहिले आणि १९९८ साली वारले.

म्हणून विक्रेत्याच्या ‘युद्धकाळातले नाही’ या वाक्याने खट्टू होऊ नका. बाजाराच्या दृष्टीने ते अर्धे खरे आहे. युद्ध चालू असताना, तळावरून लिहिलेल्या पत्राला संग्राहक जास्त किंमत देतात, आणि दुर्मीळपणा हा तर मोठाच घटक आहे. जॉन बर्न्स या तरुण वैमानिकाचे उदाहरण घ्या. ३० एप्रिल १९४४ रोजी पॅसिफिकमधील ट्रक बेटांजवळ त्याने समुद्रात पडलेल्या वैमानिकांना आपल्या छोट्या किंगफिशर विमानाच्या पंखांवर बसवून, विमान पाण्यावरूनच हाकत ‘टँग’ पाणबुडीपर्यंत नेले. पुढच्याच वर्षी तो अपघातात गेला, त्यामुळे त्याच्या हातचा कागद मिळणेच कठीण आहे. उलट, पॅसिफिकमधीलच, जपानच्या ताब्यातील कावियेंगच्या बंदरात फेब्रुवारी १९४४ मध्ये शत्रूच्या माऱ्याखाली पुन्हा पुन्हा उतरून १५ जणांना उचलणारे आणि त्यासाठी मेडल ऑफ ऑनर मिळवणारे नेथन गॉर्डन पुढे वीस वर्षे आर्कान्सा राज्याचे उपराज्यपाल होते आणि २००८ पर्यंत जगले, म्हणून त्यांच्या सह्या मिळतात. मार्क्स यांचे स्थान या दोघांच्या मधले आहे.

पण दुसरी बाजू विक्रेत्याने तुम्हाला सांगितली नाही. युद्धकाळातील पत्र सैन्याच्या परीक्षकाच्या, म्हणजे सेन्सॉरच्या, हातून जात असे. ठिकाण, नौका, मोहीम यांपैकी काहीही लिहिता येत नसे, आणि ‘इंडियानापोलिस’ बुडाल्याची बातमी तर नौदलाने १४ ऑगस्ट १९४५ रोजी, जपानच्या शरणागतीच्या घोषणेच्या दिवशी जाहीर केली. तेव्हा ३ किंवा ४ ऑगस्टच्या तारखेचे, घटनेचे तपशीलवार वर्णन करणारे एखादे पत्र बाजारात आले, तर मी आनंदापेक्षा संशयानेच त्याकडे पाहीन. चाळीस वर्षांनंतर, मोकळेपणाने, एका अनोळखी माणसाच्या नेमक्या प्रश्नाला दिलेले उत्तर युद्धकाळातील पत्रापेक्षा कितीतरी जास्त सांगू शकते.

आणि इथेच मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. पत्रात काय लिहिले आहे हे तुम्ही कळवलेले नाही. सही कोणाची आहे हा पहिला प्रश्न असला, तरी जाणकार संग्राहक दुसऱ्याच क्षणी मजकुराकडे वळतो. ‘आपल्या पत्राबद्दल आभार, सोबत सही पाठवत आहे’ एवढेच असेल तर ते सहीचे पत्र ठरते. उतरण्याचा निर्णय, पंखांवरची माणसे किंवा ती रात्र यांविषयी दोन वाक्ये असतील तर ते ऐतिहासिक साधन ठरते. नौकेचे कप्तान मॅकव्हे यांच्याविषयी काही असेल तर अधिकच, कारण त्यांना लष्करी न्यायालयाने दोषी धरले होते आणि अमेरिकी काँग्रेसने त्यांना निर्दोष ठरवणारा ठराव २००० साली केला. १९८६ मध्ये त्या बाजूने किंवा विरुद्ध कोणी काय म्हणत होते, याला अभ्यासकांच्या लेखी वजन आहे. तुमचे पत्र शांतपणे वाचून त्याची एक स्वच्छ नक्कल हाताने उतरवून घ्या.

पत्र खरे आहे का, याचे शेवटचे उत्तर कागद हातात घेतल्याशिवाय कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. मात्र काही पडताळे तुम्ही घरीच घेऊ शकता. दिवसाच्या उजेडात, चांगल्या भिंगाखाली सही पाहा. खऱ्या शाईच्या रेघेत कमीजास्त दाब, सुरुवातीचा ठिपका आणि जिथे रेघ रेघेवरून जाते तिथे गडदपणा दिसतो. छापलेली सही सपाट असते आणि भिंगाखाली तिचे बारीक ठिपके होतात. बॉलपेनची सही असेल तर कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवल्यावर किंचित उठाव लागतो. टंकयंत्राच्या पूर्णविरामांचाही तसाच उठाव लागतो. सहीची रेघ घडीवरून जात असेल तर शाई घडीच्या चिरेत उतरली आहे का ते पाहा, कारण कागद आधी सही होऊन मग घडी घातला जातो आणि उलट घडले असेल तर शाई चिरेत पसरते. कागद उजेडासमोर धरा. कचेरीच्या चांगल्या कागदात जलचिन्ह दिसण्याची शक्यता असते.

यंत्राने सही करण्याची सोय बड्या राजकारण्यांकडे आणि अंतराळवीरांकडे होती, गावातल्या वकिलाकडे ती असण्याचे कारण नाही. चिटणिसाने सही करण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते, आणि म्हणूनच सहीखालची हातची ओळ मला फार मोलाची वाटते. पेशवेकालीन पत्रांतही मजकूर कारकुनाच्या मोडीतला आणि शेवटच्या एकदोन ओळी धन्याच्या हातच्या, असे अनेकदा दिसते, आणि अभ्यासकाची नजर आधी त्या ओळींवर जाते. सही नकलायला सोपी असते, पण अख्खी ओळ दुसऱ्याच्या वळणात सहजपणे लिहिणे अवघड असते. तुलनेसाठी मार्क्स यांच्या त्याच दशकातल्या सह्या घ्या, १९४५ च्या नकोत. अठ्ठावीस वर्षांच्या अधिकाऱ्याचा आणि सत्तरीकडे झुकलेल्या वकिलाचा हात एकसारखा नसतो.

तुमच्या पाकिटाकडे वळतो. त्यावरचे तिकीट पाहा. अमेरिकेत फेब्रुवारी १९८५ पासून एप्रिल १९८८ पर्यंत साध्या देशांतर्गत पत्राचा दर २२ सेंट होता. ऑक्टोबर १९८६ च्या एका पानाच्या पत्रावर २२ सेंटांचे तिकीट असेल, टपालशिक्क्याची तारीख पत्रावरील तारखेनंतरची आणि १४ ऑक्टोबरच्या आधीची असेल आणि पत्ता तुमच्या तेव्हाच्या घराचा असेल, तर हे पाकीट तुमच्या पत्राचा साक्षीदार आहे. असले साक्षीदार विकत मिळत नाहीत. त्याच्याबरोबर पतींच्या पत्राची कार्बन प्रत आहे, म्हणजे प्रश्नही आहे आणि उत्तरही. मार्क्स यांच्या एखाद्या वाक्याचा अर्थ कळण्यासाठी पुढे कोणाला तरी त्या प्रश्नाची गरज पडेल. आणि पाकिटाच्या मागे पेन्सिलीची ती ओळ आहे, जिच्यात तारीख आहे आणि मिळणाऱ्याचे हस्ताक्षर आहे. कागद कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची अखंड साखळी संग्राहकाला सर्वांत जास्त हवी असते, आणि ती तुमच्या घरात पूर्ण आहे. तिची एक कडी मराठीत आहे म्हणून ती खोडून टाकण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. उलट, त्या ओळीचे इंग्रजी भाषांतर, लिहिणाऱ्याचे नाव आणि ते तिथे कोणत्या काळात राहत होते एवढी माहिती वेगळ्या कागदावर लिहून, खाली तुमची सही आणि आजची तारीख घालून सोबत ठेवा. पतींना ओळखणारी आणि ते पाकीट आले तेव्हा घरात असलेली साक्षीदार तुम्हीच आहात. तुमचे निवेदन मुलाने लिहून चालणार नाही.

इतर वाचकांकडे खरोखरच युद्धकाळातील पत्रे असतील तर त्यांच्यासाठी थोडे. अमेरिकेत बॉलपेन सर्वसाधारण विक्रीला आले २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, त्यामुळे त्याआधीच्या तारखेच्या अमेरिकी पत्रावर बॉलपेनची सही दिसली तर तिथेच थांबावे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणासाठीची रसायने आहेत, जी युद्धकाळातील कागदात नसत. त्या काळच्या सैनिकांना साध्या टपालासाठी तिकीट लागत नसे आणि ते पाकिटावर तिकिटाच्या जागी ‘फ्री’ असे स्वतःच्या हाताने लिहीत. त्यावर परीक्षकाचा शिक्का असे. हे सारे जुळले पाहिजे.

किंमत मी सांगणार नाही, कारण मजकूर न वाचता सांगितलेला आकडा तुमची दिशाभूल करील. पद्धत मात्र सांगतो. विक्रेते मागतात ते भाव पाहू नका, लिलावांत प्रत्यक्ष झालेले भाव पाहा, आणि तेही मार्क्स यांच्या नुसत्या सहीचे, छायाचित्रावरील सहीचे आणि घटनेविषयी बोलणाऱ्या पत्राचे असे वेगवेगळे. यांतले अंतर बरेच असते. मूळ कागद कोणालाही ‘तपासायला’ म्हणून टपालाने पाठवू नका. चांगल्या दर्जाचे स्कॅन पुरते, आणि तेही उघड्यावर टाकू नका, कारण नकला करणारे अशाच प्रतींवर हात बसवतात. सत्यतेचे प्रमाणपत्र देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. प्रमाणपत्राला वजन असते ते देणाऱ्याच्या नावामुळे. आणि जो विक्रेता पाकीट नको म्हणतो, त्याच्याशी व्यवहार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला पाकिटाचे मोल कळत नसेल किंवा कळत असूनही तो ते लपवत असेल, दोन्ही स्थितींत तो तुमच्या उपयोगाचा नाही.

तुमच्या दिरांचा हेतू चांगला आहे, पण लॅमिनेशनमध्ये कागद उष्णतेने आणि चिकटद्रव्याने प्लॅस्टिकशी कायमचा जोडला जातो. माझ्या आजोबांचे एक पोस्टकार्ड मी विशीत असताना असेच करून घेतले होते. आज त्यावरची शाई पिवळट डागांत विरत चालली आहे आणि ते सोडवता येत नाही. पत्र उलगडून, सपाट, पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा आणि मागे आम्लविरहित जाड कागद द्या. बाजारात मिळणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या फायली वापरू नका, त्या शाई ओढून घेतात. टाचणी, स्टेपलची पिन, चिकटपट्टी यांपैकी काहीही लावू नका. वर्तमानपत्राचे कात्रण असेल तर वेगळे ठेवा, नाहीतर त्यातले आम्ल पत्रात उतरते. कार्बन प्रतीलाही स्वतंत्र पाकीट द्या, तिचे अक्षर घासल्याने पुसट होते. सगळे एका खोक्यात घालून लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. पुण्याचा पावसाळा कोकणाइतका दमट नसला तरी कसर लागायला पुरेसा असतो, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात अधूनमधून वाळवत जा. डांबराच्या गोळ्या मात्र त्या खोक्यात नकोत. कागद कुठे फाटला असेल तर घरी डिंक लावण्याऐवजी तज्ज्ञाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जतनाचे केंद्र आहे. दिवाणखान्यात लावायचेच असेल तर उत्तम रंगीत प्रत चौकटीत घाला. भिंतीवर ती पाहून दिरांचेही समाधान होईल आणि मूळ शाई उजेडापासून वाचेल.

राहिला देण्याचा प्रश्न. तुमच्या पत्राच्या सुरातून मला असे वाटले की तुम्हाला पैशांची निकड नाही, पण मुलाला कागदांचे ओझे वाटते आहे. तसे असेल तर पतींनी ज्या शहरात हे पत्र उघडले त्या शहराचा विचार करा. इंडियानापोलिसमध्ये कालव्याच्या काठी या नौकेचे स्मारक १९९५ साली, बरोबर २ ऑगस्टला उभे राहिले. तेथील इंडियाना वॉर मेमोरियलमध्ये या नौकेविषयीचे दालन आहे आणि इंडियाना हिस्टॉरिकल सोसायटी त्या राज्यातील लोकांची कागदपत्रे जपते. परदेशातून येऊन त्या राज्यात राहिलेल्या एका मराठी माणसाने तिथल्या वकिलाला विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर, हा त्यांच्याही इतिहासाचाच भाग आहे. आधी लिहून विचारा, मग दानपत्र करा आणि त्यात तीन गोष्टी घाला : तिन्ही कागद एकत्र राहतील, नोंदीत पतींचे नाव असेल आणि तुम्हाला उत्तम प्रती मिळतील. कागद तुमच्या मालकीचा असला तरी त्यातील शब्दांचा हक्क मार्क्स यांच्या वारसांकडे आहे, आणि अमेरिकेच्या कायद्याने अप्रकाशित मजकुरावर तो लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे, म्हणजे २०६८ च्या अखेरीपर्यंत चालतो. त्यामुळे पूर्ण पत्र छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागेल. पतींच्या कार्बन प्रतीवर मात्र तुमच्या कुटुंबाचा हक्क आहे आणि ती तुम्ही केव्हाही छापू शकता.

मुलाशी बोलताना किमतीपासून सुरुवात करू नका. त्याला आधी वडिलांचे पत्र वाचायला द्या, मग उत्तर द्या आणि मग पाकीट उलटून दाखवा.